सहा नटांचं काम: सेडियाला स्ट्रट बार बसवताना

बॉनेट उघडलं की पुढच्या दोन चाकांच्या वर पत्र्याचे दोन गोल उंचवटे दिसतात. ते स्ट्रट टॉवर. त्या दोघांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे स्ट्रट टॉवर बार. बसवायचं काम सहा नटांचं, सगळं जुळून आलं तर तासाभरात होणारं. त्या तासाआधीची मापं, तपासण्या, कागदपत्रं आणि फेब्रिकेटरच्या सवडीची वाट यांत मात्र ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ एवढा काळ गेला. ठाण्यात राहून हे करायचं असेल तर काय लागतं, पैसे कुठे जातात आणि काम कुठे बिघडतं, ते घडलं त्या क्रमाने लिहितो.

गाडी मित्सुबिशी सेडिया, दोन लिटर पेट्रोल, २००९ ची नोंदणी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, प्रत्येक टॉवरवर तीन स्टड (आटे असलेले, वर आलेले खिळे) आणि तीन नट. अशी रचना असलेल्या कुठल्याही गाडीला यातलं बरंचसं लागू पडेल. टॉवरवर मधला एकच मोठा नट असलेल्या गाड्यांना नाही. तिथे टॉवरलाच छिद्रं पाडून बार लावून देणारे लोक भेटतात. गाडीच्या पुढच्या बाजूचं वजन झेलणाऱ्या पत्र्यात हौसेसाठी छिद्रं पाडू नयेत.

आधी हा दांडा करतो काय, ते. मॅकफर्सन रचनेत शॉक ॲब्सॉर्बर हाच चाकाला उभं धरणारा खांब असतो. खाली त्याला लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारी आडवी भुजा) धरतो, वर टॉवरचा माथा. वळणावर टायरला जो आडवा जोर बसतो त्यातला काही भाग या माथ्यावर येतो आणि पत्रा थोडासा लवतो. दोन्ही माथे एकमेकांना बांधले की एका बाजूवरचा भार दुसरी बाजूही वाटून घेते. बारचं काम इथे संपलं. गाडी वळणावर कलते ते याने कमी होत नाही, ते अँटी-रोल बारचं खातं. खड्ड्याचा दणकाही कमी होत नाही. आणि ज्या गाड्यांत टॉवर मागे काचेखालच्या काउलमध्ये (पत्र्याच्या आडव्या पेटीत) भक्कम रुतलेले असतात, तिथे पत्रा मुळातच फारसा लवत नाही, त्यामुळे बारला करण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून पैसे घालण्याआधी टॉवर खरंच हलतात का ते मोजलं. पडद्यांच्या दुकानात एकात एक सरकणारा ॲल्युमिनियमचा रॉड मिळतो, तो घेतला. दोन्ही टोकांना छोट्या एल पट्ट्या लावून त्या स्टडच्या नटाबाहेर उरलेल्या आट्यांवर जादा नट लावून धरल्या. मूळ नटांना हात लावला नाही. आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला अगदी चिकटून, एक केबल टाय घट्ट बांधला. टॉवर जवळ आले की बाहेरची नळी टायला ढकलते. टॉवर परत लांब गेले की टाय तिथेच राहतो आणि मध्ये फट दिसते. ती फट म्हणजे जास्तीत जास्त हालचाल. निघण्याआधी रॉड हाताने हलवून त्याच्या जोडातला ढिलेपणा बघून घ्यावा, नाहीतर तोच मोजला जातो. घोडबंदर रोडचा सर्व्हिस रस्ता आणि पुढे गायमुखची वळणं, एवढ्या फेरीत फट दीड मिलिमीटरच्या आसपास आली. फट दिसलीच नाही तर बारचा विचार सोडून द्यावा. या चाचणीला दोनशे रुपयेसुद्धा लागत नाहीत, आणि बार विकणारा कोणी ती सुचवत नाही!

मोजमाप झाल्यावर पुढचं सस्पेन्शन. हा टप्पा टाळून थेट बार लावणारे पुष्कळ असतात आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा. चाक वरखाली धरून हलवायचं, मग डावी-उजवीकडे धरून हलवायचं: पहिल्यात बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा खेळ कळतो, दुसऱ्यात टाय रॉडचा. लोअर आर्मच्या मागच्या बुशला (जोडातल्या रबरी गादीला) लहान पहार लावून बघायची. रबराला चीर असेल तर ती उघडते. शेवटी गाडी परत चाकांवर घेऊन एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग सलग फिरायच्या ऐवजी अडकून ‘टक्’ करून सुटत असेल तर वरच्या माउंटचं (स्ट्रटला टॉवरशी जोडणाऱ्या रबरी बैठकीचं) बेअरिंग संपलं आहे. चाकाच्या कमानीतून वर टॉवरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारणंही विसरू नका. कोकणपट्टीच्या पावसात तिथे चिखल साचून राहतो आणि गंज आतून वर येतो. गंजलेल्या टॉवरला बार लावणं म्हणजे पोखरलेल्या वाशाला नवं कौल.

इथे दोन्ही मागचे बुश फाटलेले निघाले आणि एक लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी कांडी) ढिला. माउंट ठीक होते. सेडियाचे भाग आता दुकानात ठेवलेले मिळत नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आगाऊ पैसे देऊन मागवावे लागले आणि त्यात नोव्हेंबरचा अर्धा महिना गेला. बुश आणि लिंक रॉड मिळून ४,२००, प्रेसवर बुश काढून बसवायची मजुरी १,५००, अलाइनमेंट ६००. बुश बसवताना आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नयेत. चाकांवर वजन आल्यावर आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं. ही दुरुस्ती झाल्यावर स्टिअरिंगमधला बराचसा मोघमपणा तिथेच गेला. तुमचंही तेवढ्यावर समाधान झालं तर पुढचं वाचायची गरज नाही. खरंच नाही.

याच दिवसांत गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आलं. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत नमुना २५ चा अर्ज करता येतो. मोटारीसाठी शुल्क ५,००० रुपये (एप्रिल २०२२ पासून), शिवाय राज्याचा पर्यावरण कर, चालू विमा, चालू पीयूसी, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन तपासणी. मुदत उलटली तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. हे सगळं मूळ अवस्थेतल्या गाडीवर उरकून घ्यायचं आणि बार त्यानंतर लावायचा, असा क्रम ठरवला, आणि तोच सुचवेन. तपासणीला चेसिस नंबर दिसावा लागतो, त्याचा पेन्सिलचा ठसा मागतात. अनेक जपानी गाड्यांत तो इंजिनमागच्या बल्कहेडवर (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याच्या भिंतीवर) कोरलेला असतो, म्हणजे बारच्या अगदी शेजारी. बारची जागा ठरवताना तो नंबर वाचता येईल आणि त्यावर कागद धरून पेन्सिल घासता येईल, एवढी मोकळीक ठेवावी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेले भाग जोडून बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्ट्रट बारने इंजिन, चेसिस, रंग, इंधन, आसनं यांतलं काही बदलत नाही. कुठे छिद्र नाही, कापाकापी नाही, सहा नट काढले की गाडी पूर्ववत. त्यामुळे मी लावला. पण कोणी ‘याला सरकारी मान्यता आहे’ म्हणून बार विकत असेल तर तो कागद दाखवायला सांगा.

विमा कंपनीला मात्र लेखी कळवलंच पाहिजे. ई-मेलमध्ये लांबण न लावता दोनच प्रश्न विचारले: इंजिन कक्षात बोल्टने बसणारा, काढता येणारा स्टीलचा बार लावणार आहे, याची पॉलिसीत नोंद करता का, आणि केली नाही तर याच्या उपस्थितीमुळे दावा नाकारला जाईल का. सोबत जागेचा फोटो आणि अंदाजे किंमत. पहिलं उत्तर छापील होतं, दोन्ही प्रश्नांना वळसा घालणारं. त्याच धाग्यावर परत विचारल्यावर, जानेवारीच्या मध्यावर, फोटो आणि बिल पाठवा, नोंद करून घेऊ, असं आलं. ई-मेल जपून ठेवावा आणि धागा तोडू नये. कंपनीला विचारायचं कारण निव्वळ कागदी नाही. एका टॉवरवर जोरात आघात झाला तर बार त्यातला काही भाग दुसऱ्या टॉवरपर्यंत पोचवतो, म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाढू शकतो. आणि बॉनेटखाली कडक वस्तू जितकी वर, तितकी पादचाऱ्याच्या डोक्याला मिळणारी दबती जागा कमी. बार शक्य तेवढा खाली ठेवण्याचं हेही एक कारण.

आता बार आणायचा कुठून. तयार बार परदेशातून मागवायचा हिशेब करून पाहिला. त्या वेळी वैयक्तिक आयातीवर ३५ टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्यासकट होणाऱ्या किमतीवर २८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) होता. एकूण ७७.२८ टक्के, आणि तेही वस्तू, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर. शिवाय कुरियर वजनाऐवजी आकारमान धरतो. सव्वा मीटरच्या जवळ जाणारं खोकं, ११० बाय २५ बाय १५ सेंटिमीटर धरलं तरी भागिले ५,००० करून सव्वाआठ किलो होतं, आत बार तीन-चार किलोचा असला तरी. दर आणि शुल्क बदलत असतात, तुम्ही मागवाल त्या दिवशीचे बघा. आकारमानाचा हिशेब तोच राहील. जुना बार मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त प्लेट काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर आहे का बघा, आणि मधे खिळीचा जोड असेल तर तो हाताने हलवून बघा. जोडात खेळ असेल तर तो बार शोभेचा.

शेवटी ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत करून घ्यायचं ठरलं. रचना साधी: दोन्ही टॉवरवर ५ मिमी जाडीची प्लेट, मध्ये ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवणीवर वेल्ड केलेला) पाइप, थेट वेल्ड केलेला, एकसंध. पाइप सरळच हवा. इंजिनला वळसा घालणारा वाकडा पाइप दिसायला छान, पण भार आला की तो स्प्रिंगसारखा वागतो. प्लेटपासून पाइप जितका उंच, तितका प्लेटच्या मुळाशी वाकवणारा जोर जास्त, म्हणून उंची गरजेपुरतीच आणि मुळाशी त्रिकोणी टेकू. ॲल्युमिनियमचा मोह होतो, कारण हलकं आणि चकचकीत. पण ॲल्युमिनियमचा कडकपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, तेवढंच काम करायला पाइप बराच जाड किंवा मोठा घ्यावा लागतो. एक मीटर स्टील पाइपचं वजन १.८ किलो. ॲल्युमिनियमने वाचून किती वाचणार?

प्लेटची जाडी स्टडवरून ठरते, मनावरून नाही. नट पूर्ण बसलेला असताना स्टड त्याच्या बाहेर किती येतो ते मोजा. इथे ८ मिमी होता. त्याखाली ५ मिमी प्लेट गेली की ३ मिमी उरतो. आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी असल्याने दोनहून थोडे जास्त आटे बाहेर. नटाबाहेर दीड-दोन आटे दिसायलाच हवेत. तुमच्या गाडीत स्टड आखूड असेल तर ४ मिमीची प्लेट घ्या, आणि तीही पुरत नसेल तर विषय संपला. अर्धवट बसलेल्या नटांवर स्ट्रट लटकवून ठेवण्याइतकं काहीही महत्त्वाचं नाही.

साचा पुठ्ठ्याचा. डाव्या आणि उजव्या टॉवरचा वेगळा काढायचा. ते आरशातल्या प्रतिमेसारखे असतील असं गृहीत धरू नका. एका बाजूला वायरिंगचा ब्रॅकेट असतो, कुठे सीलरची वळकटी असते, कुठे पत्र्यावर उठाव असतो. एम१० (१० मिमी व्यासाच्या) स्टडसाठी छिद्र ११ मिमी, मधलं मोठं भोक माउंटची रबरी टोपी आणि मधला नट मोकळा राहील एवढं. साच्यावरून डीएक्सएफ फाइल (कटिंग मशीनला लागणारं रेखाचित्र) काढून घ्यायला ५०० रुपये. कापायला देण्याआधी ती फाइल कागदावर खऱ्या मापात छापून टॉवरवर ठेवून बघितली. छापताना पानात बसवण्याचा पर्याय बंद करावा, नाहीतर प्रिंटर गुपचूप दोन-तीन टक्के लहान करतो आणि सगळी छिद्रं चुकतात.

लेझर कटिंगवाल्यांना दोन प्लेटचं काम नको असतं. सरळ नाही म्हणत नाहीत, ‘बघतो’ म्हणतात. मशीनवर दुसऱ्या कोणाचं ५ मिमीचं काम चढलं की उरलेल्या पत्र्यात आपल्या प्लेट काढतात, तोवर थांबायचं. फाइल, पत्त्यासकट नाव आणि किमान मजुरीचे पैसे आधीच देऊन ठेवले की काम लवकर निघतं. जीएसटीसकट ९५० रुपये झाले. पक्कं बिल घ्या, विम्याच्या नोंदीला तेच लागतं. कापलेल्या कडेवर निळसर-काळा थर असतो आणि गरम रोल केलेल्या पत्र्यावर काळी खपली. दोन्ही ग्राइंडरने काढल्याशिवाय वर रंग टिकत नाही.

खरी कसोटी पुढे होती: दोन प्लेट अचूक अंतरावर आणि अचूक कोनात धरून पाइप वेल्ड करायचा, आणि तोही गाडीवर नाही. गाडीवर वेल्डिंग केलं तर ठिणग्या, इंधनाच्या नळ्या आणि ईसीयू (इंजिनचा संगणक), तिन्हींची धास्ती. उपाय स्वस्तातला निघाला. दुकानांत रॅक बनवायला छिद्रांचा स्लॉटेड अँगल मिळतो. प्लेट गाडीवर नटांनी बसवून, प्लेटच्या बाहेर ठेवलेल्या कानांना हा अँगल आडवा आणि तिरपा बोल्टने जोडला. मग सगळा सांगाडा एकसंध उचलून वेल्डरकडे नेला. टॉवरचे मूळ नट अर्थातच परत लावून, आवळून. अँगलच्या सांगाड्यात पाइप ठेवून चारी बाजूंनी टाके, मग आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड. एका दमात गोल वेल्ड केलं की प्लेट द्रोणासारखी वळते. प्लेट खाली दहा मिमीच्या जाड पट्टीला क्लॅम्प केलेली असावी आणि गार होईपर्यंत सोडू नये. पाणी ओतून तर अजिबात गार करू देऊ नका, वेल्डरचा हात बादलीकडे जातोच. पाइप ४००, अँगल आणि बोल्ट ३५०, वेल्डिंग १,२००. कान नंतर कापून टाकले.

वेल्ड करायच्या आधी, पाइप नुसता बांधलेला असताना, जागेच्या दोन तपासण्या. लहान मुलांच्या क्लेचे गोळे पाइपवर चार ठिकाणी ठेवून बॉनेट हळूच बंद करायचं आणि उघडून गोळ्यांची उरलेली जाडी मोजायची. दहा मिमीच्या खाली नको. दुसरी इंजिनच्या हालचालीची. इंजिन रबरी माउंटवर असतं, गिअरमध्ये क्लच थोडा सोडला की ते पुढे-मागे झुकतं. ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून पहिला आणि मग रिव्हर्स हलकाच पकडायचा. गाडीच्या पुढे-मागे कोणीही उभं नको. मोबाइल बाजूला टेकवून व्हिडिओ काढला की पुरतं. बार आणि इंजिनचा सगळ्यात उंच भाग यांच्यात पंधरा-वीस मिमी राहायला हवेत. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण, डिपस्टिक, ऑइल भरायचं तोंड हे सगळं बार असताना उघडता येतं का हेही तेव्हाच बघून घ्या. बॅटरी बाहेर निघते का हे बघायचं अनेकांच्या लक्षात राहत नाही.

वेल्डनंतर बार ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवून प्लेटखाली ०.२ मिमीचा फीलर गेज (मापाची पातळ पट्टी) सरकतो का पाहिलं. जिथे प्लेट टेकत होती तिथे कानशीने घासून सपाट केलं. ही फट नट आवळून मिटवायची नसते. तसं केलं की टॉवरचा पत्रा कायम ताणात राहतो आणि काही महिन्यांनी नट सैल होतात. रंगासाठी पावडर कोटिंग केलं, ४५० रुपये. पण प्लेटचा खालचा भाग आणि नटाखालची वर्तुळं टेप लावून कोरी ठेवायला सांगितली. जाड पावडर नटाखाली हळूहळू दबते आणि टॉर्क (नट आवळल्याचा जोर) उतरतो. कोऱ्या भागावर नंतर झिंक प्रायमरचा एकच पातळ हात. भट्टीत तापणारा टेप साध्या दुकानातला चालत नाही. कोटिंगवाल्याकडे हिरवा टेप असतो, तो मागा.

नट नवे घेतले. एम१०, पिच १.२५, फ्लँजचे (खाली रुंद कड असलेले). कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे एम१० म्हणून जो मिळतो तो बहुधा १.५ पिचचा असतो. दोन आटे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावला की स्टड खलास. स्टड माउंटमध्ये दाबून बसवलेला असतो. तो खराब झाला तर अख्खा स्ट्रट उतरवून, स्प्रिंग दाबून माउंट बदलायचं. बारीक पिचचे नट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नक्की मिळतात; जुना नट सोबत न्या, आणि नवा नट गाडीच्या स्टडवर नव्हे तर आधी त्याच पिचच्या बोल्टवर फिरवून बघा.

फेब्रुवारीच्या एका रविवारी सकाळी बार बसवला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलेलं बरं. ऑइल सांडत नाही, ग्राइंडर चालत नाही, तासाभरात होतं, एवढं सांगितलं की प्रश्न येत नाही. जमीन सपाट हवी आणि गाडी चारही चाकांवर. जॅक लावायचाच नाही. चाकांवर वजन असलं की स्प्रिंग माउंटला खालून टॉवरला दाबून धरते, म्हणून तिन्ही नट काढले तरी स्ट्रट जागचा हलत नाही. गाडी उचलली तर तो खाली लोंबतो आणि स्टड छिद्रांतून निसटतात. नट काढलेले असताना गाडीत कोणी बसू नये, दार आपटू नये. आणि टॉवरच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटाला कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही, तो दाबलेली स्प्रिंग धरून असतो.

तारेच्या ब्रशने स्टडचे आटे कोरडेच साफ केले. तेल लावायचं नाही. तेलाने घर्षण कमी होतं आणि तोच टॉर्क दाखवत असताना स्टडवर प्रत्यक्षात जास्त ताण येतो. माउंटची जागा पेंट मार्करने खुणावून ठेवली. मग १४ च्या सॉकेटने सहाही नट काढून बार वरून सरळ खाली. वेल्डने पाइप एखादा मिलिमीटर आखडतो, त्यामुळे शेवटचा स्टड किंचित अडतो. इथे एका छिद्राची कड गोल कानशीने अर्धा मिमी घासावी लागली. हातोडी नाही, आणि छिद्र सरसकट १४ करणं तर नाहीच. सहाही नट आधी हाताने, मग डावा-उजवा आलटून पालटून २० न्यूटन-मीटर, शेवटी ४४. हा आकडा या गाडीचा. तुमचा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. काही युरोपीय गाड्यांत इथे ताणले जाणारे बोल्ट असतात, ठरावीक टॉर्क आणि वर पाव फेरा, आणि दर वेळी नवे. गॅरेजची हवेची गन या नटांवर चालवू देऊ नका. टॉर्क पाना लहान पल्ल्याचा घ्या, २० ते ११० सारखा. ट्रकवाल्यांचा मोठा पाना ४४ वर भरवशाचा नसतो. लहान पाना ३,२०० रुपयांना मिळाला, पुढच्या सगळ्या कामांना उपयोगी.

ज्या बारची लांबी मधल्या आट्यांनी कमी-जास्त करता येते, त्याबद्दल एक सूचना. तो ‘ताणून’ किंवा ‘ओढून’ बसवायचा सल्ला हमखास मिळतो. माझं मत विरोधात आहे. ढिलाई जाईपर्यंत फिरवून लॉक नट आवळावा, बस. वळणावर भार आला की बार आपोआप कामाला लागतो. उभ्या गाडीत टॉवर ओढून ठेवल्याने मिळतं काहीच नाही, पत्रा ताणात राहतो.

पहिली फेरी हळू, रेडिओ बंद. स्पीड ब्रेकरवर ‘टिक’ आला तर प्लेट नीट टेकलेली नाही किंवा खाली वायरिंगचा ब्रॅकेट अडकला आहे. उभ्या गाडीत घरघर आली तर बार कुठल्या तरी पाइपला टेकतो आहे. नवी मुंबईचा पाम बीच रोड या कामाचा नाही; सरळ आणि गुळगुळीत, तिथे काही कळत नाही. तीच घोडबंदरची फेरी, तोच वेग, टायरमध्ये तीच हवा. पडद्याचा रॉड परत लावला तेव्हा टायची फट अर्ध्या मिमीच्या आत होती. हातात जाणवलेला फरक छोटा आहे: वळण घेताना स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडीचं नाक वळेपर्यंतचा क्षण थोडा आखूड झाला, आणि एकाच चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंगमधली थरथर कमी. केबिनमध्ये इंजिनचा आवाज मात्र किंचित वाढला. कोणी ‘गाडी रुळावरून चालल्यासारखी चालते’ म्हणालं तर त्याने बारसोबत टायरही बदलले असणार.

आठवड्याने अलाइनमेंट परत तपासलं. आधीचा कागद सोबत ठेवला की तुलना करता येते. कँबरमधला (चाकाच्या उभ्या कलातला) फरक मशीनच्या मापात एरवीही पडतो तेवढाच होता, टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) जसाच्या तसा. दीडशे किलोमीटरनंतर नट परत ४४ वर तपासले, एक नट किंचित फिरला. प्लेट टेकायला वेळ लागतो, हे अपेक्षित आहे. दुसऱ्या तपासणीतही फिरला असता तर बार काढून प्लेट पुन्हा घासावी लागली असती. बारचं बिल आणि बसवल्यावरचे फोटो त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवले, नोंदीचा कागद मार्चमध्ये आला.

डीएक्सएफपासून पावडर कोटिंगपर्यंत बारचा खर्च ३,८५० रुपये, नट आणि किरकोळ धरून चार हजारांच्या आत. सस्पेन्शनची दुरुस्ती ६,३०० आणि टॉर्क पाना वेगळे. बारवर मेकॅनिकसाठी पांढऱ्या मार्करने ‘गाडी चाकांवर, ४४ न्यूटन-मीटर’ असं लिहून ठेवलं आहे, कारण स्ट्रट किंवा इंजिनचं मोठं काम निघालं की तो काढावाच लागतो. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याच्या सुमाराला प्लेटच्या कडेने तपकिरी ओघळ दिसतात का ते बघायचं. दिसले तर बार काढून खालचा प्रायमर नव्याने मारायचा, वरून स्प्रे मारून भागत नाही.